इव्हेंटिंग घोडेस्वारी: पोरांचे आणि पालकांचे नेहमीचे प्रश्न

वर्धा नदीच्या काठावरच्या एका पडीत वावरात आम्ही पाच घोड्यांवर अकरा मुलांना शिकवतो. शनिवारी पालक येतात, धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, बसतात आणि दर वेळी तेच प्रश्न विचारतात. ते इथं एकत्र केले आहेत. प्रश्न ज्या बोलीत आले त्याच बोलीत ठेवले. आकडे आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे एफईआयच्या, नियमांना धरून आहेत. लहान गटांना आयोजक काही सवलती देतात, काही बंधनं वाढवतात. त्यामुळे ज्या स्पर्धेला जायचं तिचं परिपत्रक आधी वाचा आणि मगच खिशात हात घाला.

इव्हेंटिंग म्हंजे शंकरपटासारखी शर्यत हाय का?

नाही. शंकरपटात बैलांची जोडी सुटली की घड्याळ सांगेल तो निकाल. इथं एकाच स्वाराला एकाच घोड्यावर तीन परीक्षा द्याव्या लागतात. पहिली ड्रेसाज: आखलेल्या मैदानात, ठरलेल्या अक्षरांपाशी, ठरलेल्या चाली शांतपणे करून दाखवायच्या. दुसरी क्रॉस-कंट्री: मोकळ्या रानात ओंडके, खंदक, उतार, पाणी असे पक्के अडथळे ओलांडत जायचं. तिसरी शो जंपिंग: मैदानात पडू शकणाऱ्या रंगीत दांड्यांवरून उड्या.

हा खेळ घोडदळातून आला. परेडमध्ये घोडा शिस्तीत उभा राहतो का, निरोप घेऊन रानावनातून धावतो का, आणि एवढं करून दुसऱ्या दिवशी कामाला उभा राहतो का, हे तपासायची ती रीत होती. 1902 मध्ये पॅरिसला सैनिकी घोड्यांची अशी स्पर्धा झाली आणि 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला. युरोपात कितीतरी वर्षं त्याला नुसतं ‘मिलिटरी’ म्हणत. कपड्यांचे आणि सलामीचे नियम असे का, हे त्यावरून कळतं.

जिंकते कोण? ज्याचे गुण जास्त तो?

उलटं. ज्याच्या नावावर दंडगुण सगळ्यात कमी, तो जिंकतो. ड्रेसाजमध्ये प्रत्येक हालचालीला 0 ते 10 गुण मिळतात, त्यांची टक्केवारी काढतात आणि ती 100 मधून वजा करतात. समजा पोरीला 62 टक्के मिळाले, तर ती 38 दंडगुण घेऊन क्रॉस-कंट्रीला निघाली.

क्रॉस-कंट्रीला ठरावीक वेळ असतो. मार्ग 2600 मीटरचा आणि वेग मिनिटाला 520 मीटर ठरवला असेल तर वेळ झाला बरोबर पाच मिनिटं. त्यानंतरच्या दर सेकंदाला 0.4 दंड. दहा सेकंद उशीर म्हणजे 4 दंड, म्हणजे शो जंपिंगमध्ये एक दांडी पाडल्याइतकाच. आता पोरगी दहा सेकंद उशिरा आली आणि नंतर एक दांडी पाडली, तर 38 अधिक 4 अधिक 4, एकूण 46. पण घोडा क्रॉस-कंट्रीत एकदा अडला असता तर त्या एका अडण्याचेच 20 वाढले असते. म्हणून आम्ही पोरांना सांगतो, पाच सेकंद गेले तर जाऊ द्या, अडथळ्यासमोर घोडा सरळ आणा.

आणि लवकर पोचण्यात काहीच बक्षीस नाही. लहान गटांत तर फार वेगानं आलेल्यालाही अनेक ठिकाणी दंड लावतात. शंकरपट पाहून वाढलेल्या आमच्या पोट्ट्यांना हे पचवायला एक हंगाम लागतो.

घोडा अडला तं किती वेळा चालते?

क्रॉस-कंट्रीत पहिल्यांदा अडला किंवा बाजूनं निसटला तर 20. त्याच अडथळ्यावर दुसऱ्यांदा, तर 40. त्याच ठिकाणी तिसऱ्यांदा झालं की बाद. शो जंपिंगमध्ये पहिल्या अडण्याला 4, फेरीतल्या दुसऱ्याला 8, तिसऱ्याला बाद. दांडी पाडली की 4.

प्रत्येक अडथळ्याला दोन झेंड्या असतात. लाल उजव्या हाताला, पांढरी डाव्या हाताला. दोन्हींच्या मधून गेलं पाहिजे. अडथळा सुटला आणि मागं फिरून केला नाही, किंवा क्रम चुकला, की खेळ संपला. घंटा वाजायच्या आधी शो जंपिंग सुरू केलं तरी बादच. ड्रेसाजमध्ये मार्ग चुकला तर पहिल्या चुकीला 2 गुण कापतात, दुसरीला 4, तिसरीला बाद. तिथं घोड्याशी बोललं, चुचकारलं तरी गुण जातात. हे आमच्याकडच्या पोरांना फार जड जातं, कारण घरी बैल असो की घोडा, तोंडानं बोलल्याशिवाय कोणी काम करून घेत नाही.

पडला तं उठून परत बसता येते का?

नाही. स्वार पडला की बाद, घोडा पडला तरी बाद. आधीच्या पिढीतले लोक म्हणतात, आमच्या वेळी तर आम्ही उठून परत बसत होतो. बसत होते, आणि डोक्याला मार लागलाय हे संध्याकाळी कळत होतं. आता पडलेल्या स्वाराला डॉक्टरांनी तपासल्याशिवाय मैदान सोडता येत नाही. पोरगा ‘काही झालं नाही जी’ म्हणतो म्हणून त्याला गाडीत घालून घरी आणू नका.

किती वर्षाचं लेकरू पाह्यजे?

आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पोनी गट 12 ते 16, ज्युनिअर 14 ते 18 आणि यंग रायडर 16 ते 21 असा आहे. वय वाढदिवसाला मोजत नाहीत, वर्षाला मोजतात. पोरगी डिसेंबरमध्ये 14 पूर्ण करणार असेल तर त्या वर्षी जानेवारीपासूनच ती ज्युनिअर धरली जाते. जन्मदाखल्यावरची तारीख आणि शाळेतली तारीख वेगळी असेल तर आधी ती एक करून घ्या. आपल्याकडे हा घोळ घरोघरी आहे.

त्याहून लहानांसाठी देशात वेगळे गट असतात आणि तिथं उड्या गुडघ्याएवढ्या ओंडक्यापासून सुरू होतात. आंतरराष्ट्रीय ज्युनिअर स्पर्धेत क्रॉस-कंट्रीचा पक्का अडथळा 1.10 मीटरपर्यंत जातो. जगातल्या सगळ्यात अवघड, पाच तारांकित स्पर्धेत तो 1.20 मीटरचा. म्हणजे उंचीत फरक जेमतेम दहा सेंटिमीटर. खरी अवघड गोष्ट असते ती अडथळा कुठे उभा केलाय, आधी चढ आहे की उतार, पलीकडे पाणी आहे का, ही. उंची बघून कोणाला भिऊ नका आणि कोणाला हिणवूही नका.

पोनी म्हणजे कोणतंही लहान घोडं नव्हे. नालाशिवाय 148 सेंटिमीटर आणि नालासकट 149, त्यापेक्षा उंच नको. माप खांद्याच्या उंचवट्याशी घेतात.

पोरगी हाय आमची. तिची स्पर्धा येगळी असते का?

वेगळी नसते. मुलं आणि मुली एकाच यादीत खेळतात, अगदी ऑलिंपिकमध्येसुद्धा. बायकांना ऑलिंपिकमध्ये इव्हेंटिंगची परवानगी 1964 ला टोकियोत मिळाली आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या लाना ड्यू पाँट संघासोबत रौप्यपदक घेऊन गेल्या. आमच्या अकरांत सात मुली आहेत. हात हलका असतो, हे एक कारण. दुसरं कारण असं की आमच्या भागात पोट्ट्यांना वाटतं घोडं आपल्याला उपजतच येतं.

कपड्यायवर किती खर्च येईन?

खर्च किती हे विचारण्याआधी खर्च कशाचा ते बघा. पहिले पैसे डोक्याला, मग छातीला, मग पायाला. उरले तर कोटाला. आम्ही दर वर्षी उलटं झालेलं पाहतो. कोट झगझगीत, ब्रीचेस, म्हणजे घोडेस्वारीची घट्ट विजार, दुधासारखी पांढरी, आणि हेल्मेट चुलत भावाचं, पट्टा तुटका. तपासनीस असल्या पोराला सरावाच्या मैदानातूनच परत पाठवतो.

ड्रेसाज आणि शो जंपिंगला लागतं ते असं: गडद रंगाचा कोट, पांढरा किंवा फिकट सदरा, टाय किंवा गळ्याला बांधायचा पांढरा स्टॉक, पांढरी किंवा बदामी ब्रीचेस, उंच बूट किंवा आखूड बुटांवर त्याच रंगाच्या चामडी गेटर्स, आणि ड्रेसाजला हातमोजे. कोट तालुक्याच्या टेलरकडे शिवून चालतो. आमच्या दोन मुलींचे कोट एका लग्नाच्या सूट शिवणाऱ्यानं शिवले. त्याला एवढंच सांगायचं की मागं चीर लांब ठेव आणि खांद्यात सैल ठेव, हात पुढं गेले पाहिजेत. कोटाच्या कापडाबद्दल आजवर कोणी आमच्या मुलांना अडवलेलं नाही.

ब्रीचेस मात्र शिवून घेऊ नका. आतल्या बाजूची शिवण मांडीला घासते आणि तासाभरात कातडं सोलतं.

क्रॉस-कंट्रीला कोट नसतो. पूर्ण बाह्यांचा टीशर्ट, त्यावर बॉडी प्रोटेक्टर, त्यावर नंबर. रंग आवडीचा घ्या. पोरं इथंच हौस भागवतात. हेल्मेटवर चढवायची कापडी टोपी शर्टाच्या रंगाची घेतात आणि चार दिवस तीच घालून गावात फिरतात.

ओढणी, गळ्यातला ताईत, कानातले डूल, हातातलं कडं, सगळं उतरवून आईच्या हातात द्या. लांब केस जाळीत बांधा. वेणी पाठीवर उडत असली तर नंबर झाकते आणि फांदीत अडकते.

मोटरसायकलचं हेल्मेट चालन का? घरी हाय.

नाही चालत. क्रिकेटचंही नाही. मोटरसायकलचं हेल्मेट जड असतं, बाजूचं दिसू देत नाही आणि पडताना मानेवर ओझं आणतं. क्रिकेटचं समोरून येणाऱ्या चेंडूसाठी केलेलं असतं. घोडेस्वारीच्या हेल्मेटच्या आत मानकाचं लेबल असतं: पीएएस 015, व्हीजी 1, एएसटीएम एफ1163, स्नेल ई2001 किंवा ई2016. यातलं परिपत्रकात मागितलेलं मानक आहे ना ते बघा. लेबल खरडून गेलेलं हेल्मेट तपासणीत नापास होतं, कितीही भारी असो.

माप असं बघा: पट्टा न लावता मान खाली घालून डोकं हलवलं तरी ते हललं नाही पाहिजे. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं. केस तेलानं चोपडून माप घेऊ नका. क्रॉस-कंट्रीसाठी पुढं कडक चोच नसलेलं गोल हेल्मेट बरं. पडताना चोच जमिनीत रुतली की मान मागं झटकते, म्हणून काही देशांच्या पोनी क्लबांत तशा चोचीला बंदीच आहे.

एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धडधाकट दिसलं तरी टाकून द्यायचं. आतला थर एकदाच दबतो. म्हणूनच वापरलेलं विकत घेऊ नका. आणि मे महिन्यात टिनाच्या शेडखाली किंवा बंद गाडीत ठेवू नका, तो थर उन्हानंही खराब होतो.

घोड्यावर पाय टाकल्यापासून उतरेपर्यंत पट्टा लागलेला हवा, सरावातसुद्धा. पट्टा सुटला असताना अडथळ्यावर गेलं तर थेट बाद. सुटला तर थांबा, लावा, मग पुढं. गेले चार सेकंद, त्याचे दंड दीड-दोन.

ते जाकीट कायले घालते? उन्हात जीव जाते त्यात.

क्रॉस-कंट्रीचे अडथळे पडत नाहीत. घोड्याचे पुढचे पाय ओंडक्यावर अडकले तर घोडाच पलटी खातो आणि खाली स्वार असतो. या खेळातले सगळ्यात वाईट अपघात असेच झाले आहेत. म्हणून आता बऱ्याच अडथळ्यांना ठोकर बसली की सुटणारी खीळ बसवतात. ती सुटली तर 11 दंड. पण अडथळ्यातली सोय ही नंतरची गोष्ट, अंगावरचं जाकीट आधीची. ईएन 13158 किंवा बीटा मानकाचं, लेव्हल 3 लिहिलेलं घ्या. हवेनं फुगणारं जाकीट मिळतं, ते याच्यावर चढवायचं असतं, याच्याऐवजी नाही.

जाकीट वाढत्या मापाचं घेण्याचा मोह आवरा. शाळेचा गणवेश आपण तसा घेतो, पण सैल जाकीट वर सरकतं आणि मानेला लागतं. त्यापेक्षा गटात मिळून दोन-तीन मापांची घ्या आणि पोरं मोठी होतील तशी खालच्यांना द्या. आमच्याकडे तसंच चालतं. पट्ट्यांची वेल्क्रो मात्र दर हंगामाला तपासा.

बूट शाळेचे चालन का?

कॅनव्हासचे नाही. टाच हवी, साधारण अर्धा इंच तरी, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जात नाही. तळ फार खाचांचा नको, अडकतो. पाय रिकिबीत अडकून घोड्यामागं फरफटत जाणं, हा एकच प्रसंग मी डोळ्यांनी पाहिलाय आणि तेवढा पुरे. सरावाला टाचेचे साधे चामडी बूट चालतात.

ऊन असलं तं कोट काढू देते का?

देतात, पण विचारून. उष्णतेचा दिवस असेल तर पंच सगळ्यांनाच कोटाविना उतरायची परवानगी जाहीर करतात. स्वतःच्या मनानं काढून जाऊ नका. हेल्मेट आणि बॉडी प्रोटेक्टरला अशी सवलत नसते.

चंद्रपूर-नागपूरकडे पारा 45 च्या पुढं जातो, हे काही नवीन सांगायला नको. आम्ही मार्चनंतर सकाळी साडेआठला घोडे आत घेतो. गरम घोड्याला गार पाणी मारलं की तो जाम होतो, असं जुने लोक सांगतात. तसं होत नाही. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकच्या आधी उष्णतेवर खूप काम झालं आणि तिथं घोड्यांना गार पाणी, सावली आणि पाण्याचा फवारा सोडणारे पंखे होते. पाणी ओता, निपटून काढा, पुन्हा ओता, चालवत राहा. प्यायलाही द्या.

चाबूक आन स्पर पाह्यजेच का?

सक्ती नाही. नवशिक्या पोराला स्पर, म्हणजे बुटाच्या टाचेला लावायचा काटा, देऊच नका. घाबरलं की टाच आवळतं, आणि घोड्याला वाटतं पळ म्हणतोय. द्यायचेच तर बोथट, टोक मागं वळलेले.

क्रॉस-कंट्री आणि शो जंपिंगला चाबूक 75 सेंटिमीटरपेक्षा लांब नको, ड्रेसाजला 120 पर्यंत. एका प्रसंगाला दोन फटक्यांपेक्षा जास्त नाही, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, डोक्यावर कधीच मारायचं नाही. शेवटचा अडथळा झाल्यावर किंवा बाद झाल्यावर मारलं तर तो सरळ राग काढणं मानला जातो. पंच हे फार बारकाईनं बघतात, आणि बघावंच.

आमच्या घरी वरातीचा घोडा हाय. त्याच्यावर खेळता येईन का?

जातीची अट नाही. काठेवाडी, मारवाडी, भीमथडी, मिश्र, कोणताही चालतो. सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेल्या दोन घोड्या आमच्याकडे आहेत, त्यातली एक उड्यांना फार इमानी. पण वरातीच्या घोड्याला दोन गोष्टी विसरायला लावाव्या लागतात.

एक म्हणजे नाच. बँड वाजला की मागच्या पायांवर उभं राहायचं त्याला पैसे देऊन शिकवलेलं असतं. ड्रेसाजला सलामीसाठी चारी पाय रोवून, न हलता उभं राहायचं असतं. आमचा एक घोडा पहिल्या स्पर्धेत लाउडस्पीकर लागताच नाचायला लागला. पंचबाईंनी शेऱ्यात लिहिलं, ‘उत्साही’. गुण दिले 2.

दुसरी गोष्ट लगाम. काटेरी लगाम चालणार नाही, आणि स्पर्धेपुरताच नव्हे. मालवाहू व ओझ्याच्या जनावरांबाबतच्या 1965 च्या नियमांतही काटेरी लगामाला मनाई आहे. साधा जोडाचा स्नॅफल लावा. पहिले दोन महिने घोडा थांबत नाही असं वाटेल. तोंडातली जखम भरली की थांबायला लागतो.

खोगीरही आपलं गादीचं चालत नाही, इंग्लिश पद्धतीचं लागतं. ड्रेसाजमध्ये घोड्याच्या पायांना पट्ट्या, बूट काही नको, आणि मान वर जाऊ न देणारा मार्टिंगेलचा पट्टाही नको. सरावात लावलेल्या पट्ट्या काढायच्या विसरून आत गेलेला स्वार प्रत्येक स्पर्धेत एक तरी असतो. नाकपट्टी दोन बोटं आत जातील एवढी ढिली ठेवा. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत 2025 पासून ती मोजायचं साधनच आलंय.

आणि घोड्याच्या मिशा कापू नका. ओठाभोवतीचे, डोळ्यांभोवतीचे लांब केस त्याला अंधारात चाचपायला लागतात. 2021 पासून एफईआयच्या स्पर्धांत असे केस भादरलेला घोडा खेळवता येत नाही. न्हाव्याकडून घोडा गुळगुळीत करून आणायची आपली हौस इथं बाद करते.

घोड्याले मसाला देतो आमी. ताकद येते.

स्पर्धेच्या आधी नका देऊ. पुड्यांत काय असतं ते देणाऱ्यालाही माहीत नसतं. वेदनाशामक फिनाइलब्युटाझोन स्पर्धेत चालत नाही. चहापत्तीतलं कॅफीनही तपासणीत सापडतं. मिरचीसुद्धा. 2008 च्या ऑलिंपिकच्या घोडेस्वारी स्पर्धा हाँगकाँगला झाल्या. तिथं काही घोड्यांच्या नमुन्यात कॅप्सेसिन, म्हणजे मिरचीचा तिखटपणा, निघाला आणि स्वारांना बाहेर काढलं. सांध्यांना चोळायच्या मलमातही ते असतं. भिवापुरी मिरची वाळत घातलेल्या अंगणात घोडा बांधू नका, एवढं गमतीनं सांगतो, पण हात धुऊन चंदी कालवा हे गमतीनं नाही.

चंदी, हिरवा चारा, स्वच्छ पाणी, मिठाचा खडा. बुरशी लागलेलं सोयाबीनचं कुटार बैल पचवेल, घोड्याला त्यातून पोटशूळ होतो, आणि घोड्याचा पोटशूळ जीव घेतो.

घोड्याचे कागद कोणते लागते?

ओळखपत्र किंवा पासपोर्ट, लसीकरणाची नोंद, आणि रक्ततपासणीचा अहवाल, मुख्यतः ग्लँडर्सचा. हा आजार माणसालाही होतो, औषधानं बरा करून घोडा ठेवता येत नाही, बाधित घोड्याला दयामरण द्यावं लागतं. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात याची तपासणी होते. नमुना पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांमार्फतच पाठवा आणि हातात वेळ ठेवून पाठवा. नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयाकडून मार्गदर्शन मिळतं. धनुर्वाताची लस घोड्याला आणि पोराला, दोघांनाही. घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो.

मोठ्या स्पर्धेत घोड्याची पळवून तपासणी होते. पशुवैद्यक आणि पंचांसमोर दुडकीनं सरळ नेऊन आणायचा. लंगडला तर तिथूनच परत. त्या वेळी स्वारानंही नीटनेटकं दिसावं, चपलेत जाऊ नये.

लेकराले सिकलसेल हाय. सांगा लागते का?

सांगाच. विदर्भात सिकलसेल किती घरांत आहे ते आपल्याला माहीत आहे, पण बाहेरच्या मैदानावरच्या डॉक्टरांच्या डोक्यात ते पटकन येणार नाही. दंडावर बांधायच्या वैद्यकीय पट्टीत रक्तगट, आजार, चालू औषधं, ॲलर्जी आणि घरचा फोन लिहून ठेवा, मराठीत आणि इंग्रजीतही. क्रॉस-कंट्रीला बऱ्याच ठिकाणी ही पट्टी सक्तीची असते. शरीर कोरडं पडलं, फार दमलं की या मुलांना त्रास उसळतो, म्हणून खेळायचं की नाही हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा, आम्हाला नाही. दम्याच्या, फिटच्या मुलांनाही हेच लागू.

माझाच पोरगा एकदा पट्टी गाडीत विसरला. सुरुवातीच्या चौकटीपाशी तपासनिसानं थांबवलं, मी गाडीकडे पळालो, परत येईस्तोवर त्याची वेळ निघून गेली. मी तिथं भांडलो. चूक माझी होती.

आमी बाहेरून सांगितलं तं चालन ना? ‘डावीकडून घे’ मनून?

नाही. बाहेरून मिळालेली मदत धरली जाते आणि बाद करू शकतात. टाळ्या वाजवा, नाव घ्या, पण वाट सांगू नका. वाट दाखवायची ती आधी. क्रॉस-कंट्रीचा मार्ग स्पर्धेआधी पायी चालून बघता येतो. पोरासोबत चाला, तीनदा चाला. पहिल्यांदा अडथळे बघा, दुसऱ्यांदा जमीन, तिसऱ्यांदा सकाळी दहाला ऊन डोळ्यावर कुठं येतं ते.

सराव कुठं करावा? वावर तं काळ्या मातीचं हाय.

हा खरा विदर्भाचा प्रश्न. काळी माती पावसात घोड्याचे नाल उपटून घेते आणि उन्हाळ्यात तिला एवढ्या भेगा पडतात की खूर अडकून पाय मोडावा. आम्ही सराव करतो तो मुरमाच्या पट्टीवर. तळ्यातला गाळ उपसतात तिथं बाजूला मुरूम पडलेला असतो, त्याच्या दहा-बारा ट्रॉल्या पसरवून वर वाळू टाकली. दिवाळीनंतर ते होळीपर्यंत जमीन बरी असते.

पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, उपटली असेल त्या वावरात जाऊ नका. उरलेली खुटं भाल्यासारखी असतात, तुरीची तर जास्तच. धुरा मात्र उडीला उत्तम, आणि उथळ नाला पाण्याच्या अडथळ्यासाठी. आधी स्वतः पायानं चालून तळ बघा. आमची पोरं शहरातल्या पोरांपेक्षा पाण्यात बरी उतरतात, कारण त्यांची घोडी रोज नाल्यातूनच येतात.

एवढं करून पुढं काय मिळते?

1982 च्या दिल्ली एशियाडमध्ये रघुबीर सिंग यांनी शहजाद या घोड्यावर इव्हेंटिंगचं वैयक्तिक सुवर्ण घेतलं, संघालाही सुवर्ण मिळालं. त्यानंतर वैयक्तिक पदकाला 36 वर्षं लागली: 2018 ला जकार्तात फौआद मिर्झा यांना रौप्य, आणि राकेश कुमार, आशिष मलिक, जितेंदर सिंग यांच्यासोबत संघाचंही रौप्य. ऑलिंपिकच्या इव्हेंटिंगला 1980 मध्ये मॉस्कोला आपला संघ गेला, त्यानंतर इंद्रजित लांबा 1996 मध्ये, इम्तियाज अनीस 2000 मध्ये आणि मिर्झा 2021 मध्ये टोकियोत गेले. यादी एवढी आखूड आहे, आणि बरीचशी सैन्याच्या किंवा मोठ्या शहरांच्या आधारानं उभी आहे. गावातल्या पोरांना जवळचा रस्ता एनसीसीच्या रिमाउंट अँड व्हेटरनरी शाखेचा, कारण तिथं घोडा सरकारचा असतो.

निकाल चुकला वाटला तं?

निकाल जाहीर झाल्यापासून अर्ध्या तासात, लेखी, ठरलेली अनामत भरून पंचमंडळाकडे तक्रार द्यायची. मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवत पंचांच्या मागं फिरू नका. गुणपत्रिकेत बेरीज चुकलेली असते कधीकधी, ती आधी शांतपणे तपासा.

पहिल्या दिवशी संगं काय न्यावं?

परिपत्रकाची छापील प्रत, दोघांचेही कागद, हेल्मेट, जाकीट, वैद्यकीय पट्टी. मोबाइलला रेंज नसते, हे धरून चाला. घोड्यासाठी घरचं पाणी दोन कॅन, कारण परक्या पाण्याला तोंड न लावणारी घोडी असतात. खरारा, खूर साफ करायचा आकडा, जास्तीची रिकीब-वादी, जास्तीचा तंग. नालबंदाचा नंबर कागदावर लिहून. पोरासाठी मीठ-साखरेचं पाणी आणि भाकर. सकाळी पोरांना काही जात नाही, पण ड्रेसाज झाला की खातात. सलामीसाठी आत जाईपर्यंत कोटावर जुना सदरा घालून ठेवा, घोडं लाळ पुसतंच. आणि सुई-दोरा. पांढरी ब्रीचेस नेमकी तेव्हाच उसवते, जेव्हा नाव पुकारलेलं असतं.